आमच्या घरात कुणालाही गाठ नाही

३ जानेवारी २०२६, शनिवार

परत तेच! संध्याकाळी सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, टीव्हीवर कीर्तन लावून दिलं आणि पीठ मळायला बसले. बुवा रंगात आले, तोच मध्ये जाहिरात — 'स्तनात गाठ जाणवते? लाजू नका, आजच तपासणी करा!' आवाज असा की गल्लीच्या टोकापर्यंत जावा. आत्याबाईंनी डोक्यावरून पदर ओढला. "सुरेखा, ह्ये कुठलं कीर्तन लावलं बाई?"

आठ दिवस झाले. माझ्या मोबाईलवर तेच, सृष्टीच्या मोबाईलवर तेच. मी ब्लाऊजच्या गळ्याचे नवे नमुने बघायला जाते, तर गळ्याआधी गाठ. वैताग आलाय नुसता.

५ जानेवारी

हे कारखान्यातून आले ते तोंड पाडूनच. मला वाटलं साहेबाशी वाजलं असेल. तर जेवता जेवता म्हणतात, "तुला काही होतंय का?" यांच्याही मोबाईलवर बातम्यांच्या मध्ये ती पांढऱ्या कोटातली बाई येते म्हणे. यांना वाटलं, मीच चोरून काही शोधतेय आणि घरात बोलत नाहीये.

म्हटलं, मला काही झालं असतं तर पहिल्यांदा तुमचंच डोकं खाल्लं असतं! हसले. पण भाकरी अर्धीच खाल्ली.

६ जानेवारी

मग सृष्टी तर नव्हे? हा विचार सकाळी डोक्यात शिरला आणि दिवस नासला. टाका सरळ पडेना. दोन ब्लाऊज शिवले आणि दोन्ही उसवले. पोरगी कॉलेजातून आली तशी दार लावलं आणि विचारलं. "आई, काहीतरीच काय!" — हसायलाच लागली. तरी शपथ घ्यायला लावली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग तिनेच समजावलं. आपण मोबाईलवर काय बघतो ते नेटवाले वरून बघतात, आणि जाहिरातवाल्यांना सांगतात. एका नेटवर जेवढे मोबाईल, जेवढे टीव्ही, सगळ्यांना मग तसल्याच जाहिराती.

अरे पण बघितलं कुणी? मी नाही. सृष्टी नाही. हे नाहीत. आत्याबाईंना तर मोबाईल सुलटा धरता येत नाही. आमच्या घरात कुणालाही गाठ नाही!

८ जानेवारी

दुपारी मालनताई आल्या. आल्या म्हणजे भिंतीवर बसल्या. त्यांच्या आणि आमच्या अंगणात ही कमरेएवढी भिंत, तीच त्यांची खुर्ची. मी ओट्यावर मशीन चालवते, त्या मोबाईल चालवतात. आमच्याच नेटवर. पासवर्ड तीन वर्षांपूर्वी मीच टाकून दिला त्यांच्या मोबाईलमध्ये. वायफाय भिंतीपलीकडे जातं, ताकाचा तांब्या अलीकडे येतो.

"तुम्हाला पण येते का हो ती गाठीची बाई?" म्हटलं.

"येती की. सारखी येती. लई वंगाळ."

मलाच ओशाळल्यासारखं झालं. आमच्या नेटपायी त्या बिचारीलाही ताप. त्यांच्या लेकीचं, आरतीचं, लग्न वीस फेब्रुवारीला, घरात शंभर कामं, त्यात हे.

१० जानेवारी

तालुक्याला, राहात्याला जाऊन आले. 'गोदाई नेट'च्या ऑफिसात. मालक सूर्यभान, पंख्याखाली ऐसपैस. म्हणे, "ताई, फॉर्मवर तुमचीच सही हाय. गिऱ्हाइकाची आवड कळावी म्हनून नोंद ठेवतो आम्ही. कामाची जाहिरात घरबसल्या मिळती, तोटा काय तुमचा?"

"माझ्या सासूबाईंच्या कीर्तनात गाठ घुसवलीत, हा तोटा!"

फॉर्म काढून दाखवला. सही माझीच. वायर ओढणारा माणूस शिडीवरून ओरडत होता, गॅसवर दूध उतू चाललं होतं, आणि त्यात मी ती सही केली होती. अठ्ठावीस ओळी मुंगीएवढ्या अक्षरात. कोण वाचतं? हेही त्यांना ठाऊक असणारच.

म्हटलं, माझ्यापुरतं तरी बंद करा. तर म्हणे, "एकाचं बंद व्हत न्हाई. सगळ्या गावाचं एकत्र चालतं."

"मग सगळं गावच घेऊन येते," म्हटलं. बोलून बसले. आता गाव कुठून आणू?

१६ जानेवारी

गाव हळदीकुंकवाला आलं!

तिळगुळाच्या ताटाशेजारी कागद ठेवला — आमच्यावर पाळत ठेवणं बंद करा. आधी कुणी हात लावेना. "ह्यांना इचारून सांगते," ठरलेलं उत्तर. मग मागच्या गल्लीतल्या राहीबाईंचा बांध फुटला. नवऱ्याची दारू त्याला न सांगता कशी सोडवायची, हे त्यांनी गुपचूप शोधलं होतं. जाहिरात गेली सरळ नवऱ्याच्याच मोबाईलवर! दोन दिवस त्यांच्या घरात चूल पेटली नव्हती. सगळ्या हसल्या, राहीबाईही हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. त्यानंतर कुणी नवऱ्याला विचारायला गेलं नाही. हळदीच्या बोटांनी कागद पिवळा झाला.

पण राहीबाईंच्याही आधी, सगळ्यांत पहिली सही मालनताईंची. पेन असं दाबलं की कागद फाटला. "बंद कर बाई ह्ये एकदाचं," म्हणाल्या. कधी कशात नसणारी बाई!

१९ जानेवारी

मालनताईंनी एकटीने चौसष्ट सह्या आणल्या. पार गोदावरीच्या घाटापर्यंत फिरल्या, लग्नाच्या पत्रिका वाटता वाटता. मी माझ्या सतरा मुकाट्याने खाली सरकवल्या.

२० जानेवारी

आज कीर्तनात तीनदा. टीव्ही उचलून नदीत टाकीन.

२२ जानेवारी

मालनताईंचा लग्नातला ब्लाऊज आला शिवायला. टेप घेऊन उठले तर म्हणतात, "कशाला माप? ह्यो घे मापाचा ब्लाऊज. फकस्त डावीकडं जरा सैल ठेव."

"एका बाजूनं सैल ब्लाऊज कुणी घालतं का, ताई? नवरदेवाकडची माणसं मला हसतील. उभ्या राहा बरं दोन मिनिटं!"

कुठल्या उभ्या राहतात! मापाचा ब्लाऊज माझ्या मांडीवर टाकला आणि भिंतीपलीकडे गेल्यासुद्धा. अठरा वर्षं माझ्यासमोर हात वर करून माप देणारी बाई, आणि आता लाजतेय. लग्नघर झालं की बायकांची डोकी ठिकाणावर राहत नाहीत, हेच खरं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं आणि ग्रामसभेत आम्ही पन्नास बायका पुढे जाऊन बसलो. सूर्यभान आला होता, कडक इस्त्रीत. त्याचं तेच तुणतुणं — सही, संमती, आवड. मागून कुणीतरी पुरुष बोलला, "बायांना नेटमधलं काय कळतंय?" राहीबाई गर्रकन वळल्या. "तुमी काय काय बघता ते वाचू का समद्यांसमोर?" मागच्या दोघांनी मोबाईल खिशात सारले!

मग मालनताई उठल्या. आजवर ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं त्यांनी. पदराचं टोक मुठीत घट्ट. म्हणाल्या, "मानसाचं काय दुखतंय, त्ये त्यानं कवा सांगायचं आन् कुनाला सांगायचं, ह्ये त्याचं त्यानं ठरवावं. वायरवाल्यानं न्हाई."

एवढंच बोलल्या आणि बसल्या. टाळ्या थांबेनात.

ठराव झाला. आठ दिवसांत बंद करा, नाहीतर गावातल्या सगळ्या वायरी काढून राहात्याला पाठवू. आणि आजवर ज्याच्या त्याच्या घराबद्दल काय काय टिपलंय, त्याचा कागद ज्याच्या त्याच्या हातात द्या. ही शेवटची मागणी माझी. मला बघायचंच होतं, कुठल्या तोंडाने आमच्या नावावर गाठ लिहिलीये ते.

२ फेब्रुवारी

जिंकलो! सूर्यभान स्वतः आला, बंद केल्याचं पत्र घेऊन. इस्त्री तेवढीच, आवाज मऊ. संध्याकाळी कीर्तन शेवटच्या आरतीपर्यंत अखंड चाललं. आत्याबाई म्हणाल्या, "आज बुवांना कुनी आडवं आलं न्हाई गं." मालनताईंना हाक मारून सांगितलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. फार वाळल्यात. म्हटलं, लग्न उरकलं की आठ दिवस नुसत्या झोपा.

४ फेब्रुवारी

कागद आला. आणि माझं डोकं परत फिरलं.

मशीनवर बसून मोठ्याने वाचला, मालनताई भिंतीवर होत्याच. 'गाठ दुखत नसेल तर.' 'नगरमध्ये तपासणी.' 'गाठ किती दिवस अंगावर काढता येते.' पुढे वेळा — रोज दुपारी दोन ते तीन, नोव्हेंबरपासून!

धादांत खोटं! दोन ते तीन घरात मोबाईल कुणाच्या हातात असतो? सृष्टी कॉलेजात, हे कारखान्यात, आत्याबाई झोपलेल्या, आणि माझे दोन्ही हात मशीनवर. "बघा ताई, कसं रचून लिहिलंय! उद्या परत राहात्याला जाते आणि त्याची इस्त्रीच उतरवते."

"जाऊ दे की गं," मालनताई म्हणाल्या. "झालं न्हवं बंद." आणि उठल्या. ताकाचा तांब्या भिंतीवरच विसरल्या.

मी नाही सोडणार. उद्या जाणारच.

५ फेब्रुवारी

राहात्याला गेले नाही.

निघण्याआधी मालनताईंचं कापड बेतून ठेवावं म्हणून तो मापाचा ब्लाऊज उलटा केला. माझ्याच हातचा, दिवाळीचा. डावीकडची शिवण उसवून हाताने परत घातलेली. पुन्हा उसवून पुन्हा घातलेली. दोनदा सैल केलाय, एकाच बाजूने.

दोन ते तीन. माझ्या समोर. भिंतीवर.

देवा, मी चौकाचौकात ओरडत फिरले!

टेप गळ्यात टाकली आणि भिंत ओलांडली. "ताई, मापाचा ब्लाऊज नको. उभ्या राहा." मग उभ्या राहिल्या. हात वर करा म्हटलं, तर डावा पुरता वर जाईना. "आरतीचं लगीन हू दे गं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. मग दोघी रडलो.

उद्या सकाळी पहिल्या गाडीने दोघी नगरला. कुणी विचारलं तर अस्तर आणायला गेलो होतो.