विमान उभं, काटा दोनशेवर

९ मार्च, सोमवार, दुपार

प्रिय ठोंब्यास,

आशीर्वाद नेहमीइतकेच. रागावले म्हणून त्यात कपात नाही.

इकडे सगळं ठीक. गच्चीवरची टाकी एकदाची दुरुस्त झाली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी नवं मशीन घेतलंय, त्यामुळे दिवसभर पायाखाली खडखडाट चालू असतो. तुझी बायको दर रविवारी फोन करते. तिला सांग, मी जेवते, झोपते आणि फिरायलाही जाते. तेच तेच प्रश्न विचारून तिचाही जीव दमत असेल.

आता मुद्द्याचं. शनिवारी मी तुमच्या क्लबच्या प्रदर्शनाला आले होते. हो, तुमच्या गावात आले आणि तुमच्याकडे न उतरता संध्याकाळच्या बसने परत गेले. शनिवारी तुझी ड्यूटी असते, हे मला माहीत होतं. तुला चुकवूनच आले. पाच महिने खपून केलेलं आपलं वीतभर विमान काचेच्या पेटीत कसं दिसतं, ते एकटीनं बघायचं होतं.

बाहेरचं काम तू फार सुंदर केलंयस. तो पिवळा रंग, इंजिनाच्या नळीखाली पसरलेली काजळी, पायलट जिथे पाय देऊन चढतो तिथे झिजलेला पंख. बघणारी माणसं खाली वाकून बघत होती. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे काही चांगलं लिहिणार नाहीये.

माझ्या पर्समध्ये लॅबमधला दातांचा आरसा अजून असतो. कवळ्या करण्यात तीस वर्षं गेली, तो आरसा काही सुटत नाही. तिथल्या मुलीला विनंती करून पेटीचं झाकण उघडून घेतलं, आरसा कॉकपिटच्या काचेशी तिरपा धरला, टॉर्च मारला. खुर्ची माझी होती. खुर्चीचे पट्टेही माझेच, गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे. तो कागद हल्ली घरात मुबलक आहे. पायलटच्या दोन पायांच्या मधली, विमान वळवायची दांडी माझी. आणि समोरचं, काट्यांच्या तबकड्यांचं पॅनल?

अरे गाढवा, विमान जमिनीवर उभं आहे. चाकांना तूच लाकडी पाचरी लावल्यास, बाजूला शिडीही तूच उभी केलीस. आणि आत उंचीचा काटा तीन हजार फुटांवर, वेगाचा काटा दोनशेवर! पाचर लावलेलं विमान दोनशेच्या वेगाने कुठे निघालं होतं रे? काळ्या रंगावर सुईने खरवडून एकेक काटा शून्यावर आणायला मला आठ दिवस लागतात. तू किटमधलं तयार स्टिकर कापलंस आणि माझ्या कामावर चिकटवून मोकळा झालास. छापणाऱ्याला काय, त्याने सगळी विमानं उडतीच छापली. तुला तरी कळायला हवं होतं. एकतीस विमानं केली आपण. तू अकरा वर्षांचा होतास तेव्हापासून ठरलंय, आतलं माझं, बाहेरचं तुझं. मी कधी तुझ्या रंगाला बोट लावलं?

पुढचं ऐक. मी आरसा पुसत होते, तेवढ्यात परीक्षक आले. ते उंच, पांढऱ्या मिशांचे, पूर्वी विमान चालवायचे ते. म्हणाले, "कॉकपिट म्हणजे तुम्हीच ना ताई? पाटीवर लिहिलंय. आतल्या कामाचं बक्षीस तुम्हाला देतोय आम्ही. काय ती डायल! या वयात एवढा स्थिर हात? माझा तर चहाचा कप हिंदकळतो."

मी थँक यू म्हणाले.

हे मला तुला सांगायचं नव्हतं. पत्र लिहायला बसले तेव्हा फक्त तुझी खरडपट्टी काढायची होती. पण मी थँक यू म्हणाले, हसलेसुद्धा, आणि हात पर्समध्ये घालून उभी राहिले. तुझ्या स्टिकरचं कौतुक मी माझं म्हणून घेतलं. बसमध्ये बसल्यावर लाजेने कान तापले होते. आयुष्यात दुसऱ्याच्या कामावर कधी नाव सांगितलं नाही मी.

आता तू म्हणशील, ताई, तुझं पॅनल पाहिलंस का तू? पाहिलं होतं. पाठवायच्या आधी भिंगाखाली चारदा पाहिलं होतं. ब्रशचे केस गेलेत, दिव्याला उजेड नाही, असं स्वतःला बजावत डबा बंद केला. ब्रश नवा होता आणि दिवा तूच दिलेला, त्याला काय धाड भरलीय. हात हलतो, उजवा. मागच्या उन्हाळ्यापासून. लॅब सोडली ती काही कंटाळा आला म्हणून नाही. तुला कंटाळा सांगितला, शिंपीणबाईंना गुडघे सांगितले. खरं फक्त डॉक्टरला माहीत होतं. आणि आता कळतंय, डबा उघडल्या दिवसापासून तुलाही माहीत होतं. तुझ्या बायकोच्या रविवारच्या प्रश्नांत 'हात काय म्हणतोय?' हा प्रश्न उगीच नव्हता तर.

पॅनल बिघडलं होतं, हे मला मान्य आहे. ते झाकलंस याचा राग आहेच, पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. डबा मिळाल्यावर तू फोन केलास. मी जीव मुठीत धरून विचारलं, "कसं झालंय?" तू म्हणालास, "झकास ताई. नेहमीसारखं."

तुझ्यावर विश्वास ठेवला मी. माझ्या डोळ्यांवर नाही, तुझ्या शब्दावर ठेवला. म्हटलं, हा बारीक नजरेचा माणूस, याला काही खटकलं नाही म्हणजे हात सावरतोय. डॉक्टरची पुढची तारीख चुकवली. लॅबमध्ये जाऊन मालकांना म्हणाले, थोडं काम द्या, आता बरी आहे मी. त्यांनी एका निवृत्त पोस्टमनची खालची कवळी दिली, साधीच. ती माझ्या हातून दोनदा बिघडली. तो बिचारा पंधरा दिवस पेज पीत बसला. शेवटी मालकांनी ती माझ्यापुढून उचलली आणि नव्या मुलीच्या टेबलावर ठेवली. सगळी लॅब माना खाली घालून काम करत होती. एका 'झकास'पायी हे झालं.

तुला वाटलं असेल, ताईला वाईट वाटायला नको. मला वाईट वाटलं असतं ना? वाटू द्यायचं होतंस. तुझ्या पहिल्या विमानाचा पंख तू उलटा चिकटवलास तेव्हा मी तोंडावर सांगितलं होतं, तू दिवसभर रडलास आणि दुसऱ्या दिवशी सॉल्व्हंट घेऊन तो सोडवायला बसलास. मी तुला तेवढं मोठं समजत होते. तू मला तेवढंही समजला नाहीस.

परीक्षकांना मी काल कळवलंय, पॅनल माझं नाही. बक्षीस परत मागितलं तर निमूट देऊन टाक. क्लबमध्ये तुझी नाचक्की होईल. होऊ दे, माझी लॅबमध्ये झाली.

सोबतच्या डब्यात पुढच्या विमानाचं पॅनल आहे. त्या कवळीच्या प्रकारानंतर, मनगट टेबलाच्या कडेला पट्टीने बांधून केलंय, अकरा दिवस लागले. कसं झालंय ते मी सांगणार नाही. तू भिंग घे आणि बघ. लावण्याजोगं असेल तर आहे तसं लाव, वर काही चिकटवायचं नाही. नसेल तर 'ताई, हे जमलं नाही' एवढे चार शब्द कागदावर लिहून पाठव. फोन करू नकोस, फोनवर तुला खोटं बोलता येतं. चार शब्द आले, तर आतलं कामही यापुढे तुझं. मी तिकडे येईन, तुझ्या टेबलाशी बसेन आणि शिकवेन. शिकवताना शिव्याही देईन, तयारी ठेव.

या पत्राचं अक्षर बघून घाबरला असशील. वर्षभर मी तुला फोनवरच निरोप का देत होते, ते आता कळलं असेल. शिंपीणबाईंची मुलगी म्हणाली, "मावशी, मी स्वच्छ लिहून देते." मी नको म्हटलं. तीन पानांना दोन दिवस लागलेत. एकेक ओळ वाच आणि माझ्याशी खरं बोल.

तुझ्या चार शब्दांना न घाबरणारी,
ताई