माझीच प्रेस नापास

५ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी संगीता घरी आली, माझ्याच हाताखाली शिकलेली. दहा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होती, आता नोकरी सोडून चाकणला शेड घेतलीय. प्रेस मशिनवर पत्रा दाबून ब्रॅकेट काढणार. महिनाअखेरीस एका कंपनीला ट्रायलचे नग द्यायचे. पास झाले तर वर्षभराचं काम, नाही तर परत कुणाच्या तरी गेटवर कार्ड पंच. "काका, प्रेस कुठली घेऊ?"
म्हटलं, आधी काय दाबणार ते दाखव. लोक स्वस्तात मोठी प्रेस दिसली की उचलतात आणि मग तिच्यासाठी काम शोधत हिंडतात. नाल सापडली म्हणून घोडा! माझा नियमही सांगितला: विकणाऱ्याकडून दलाली नाही, चहासुद्धा नाही. सौ. आतून म्हणाली, "म्हणूनच रिटायर होऊनही स्कूटरवर."

८ नोव्हेंबर, शनिवार
चाकण. जुन्या मशिनींचं गोदाम. नव्या रंगाखालूनही ओळखली! आमच्या कंपनीतली सतरा नंबर. जाळीच्या गार्डची वाकडी बिजागरी माझ्याच हातची. बावीस वर्षं काढली तिच्यासोबत. डोळ्यांत पाणीच आलं. गोदामवाला खूश. "काका, घरचीच मशिन हाय की! अजून धा वर्सं हलायची न्हाई."
चालू केली. तोच आवाज. संगीताला म्हटलं, डोळे झाकून घे.
"डोळे झाकून? आणि काका, हातात काय आहे तुमच्या?"
गोदामवाल्याचा चहा. अर्धा कप संपलेला! कधी घेतला, देवाला ठाऊक.
तिनं पिशवीतून सोल्डरच्या मऊ तारेचे चार सारखे तुकडे काढले, प्रेसच्या जबड्यात चार कोपऱ्यांना ठेवले, एक ठोका, मग मायक्रोमीटरनं जाडी मोजली. मीच शिकवलेली परीक्षा. पुढचे दोन जाड, मागचे दोन पातळ. म्हणजे दाब आला की मशिनीचा जबडा उघडतोय. ब्रॅकेट एका बाजूला वाकडे निघणार. मी परत करायला लावलं. परत. तेच.

९ नोव्हेंबर, रविवार
झोप नीट नाही. जबडा उघडला कसा? दुपारी जेवताना उत्तर समोरच दिसलं, भिंतीवरचं घड्याळ. दिवाळीआधी माल हवा म्हणून साठ टनाच्या या सतरा नंबरवर ऐंशी टनाचं काम ओढलं होतं मी, सलग आठवडाभर. साहेबांनी सगळ्यांसमोर हे घड्याळ दिलं होतं. सौ.ला सांगितलं. म्हणाली, "मोडायचं बक्षीस मिळालेला पहिलाच माणूस बाई हा." पोट दुखेस्तोवर हसलो दोघं.
संध्याकाळी संगीतासाठी चिठ्ठी लिहिली: प्रेस नं. १७. घेऊ नये. सही करताना हात अडला. केली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
भोसरी. एकजण वर्कशॉप बंद करतोय. त्याची प्रेस काळीबेंद्री, रंगाचा पत्ता नाही. चहा आला, दोघांनीही एकदमच "नको". चारही तुकडे सारखे! ब्रेक मी बघितला, ठोका देऊन जागच्या जागी थांबते. निकाल सांगायला तोंड उघडलं, तर संगीता मालकाला म्हणते, "घेतली."
मला विचारलंच नाही. फार बरं वाटलं. थोडा खट्टूही झालो, खोटं कशाला लिहू.

२४ नोव्हेंबर, सोमवार
प्रेस शेडमध्ये बसली. संगीताच्या आईनं बुद्धवंदना घेतली, क्रेनवाल्यानं हौसेनं नारळ फोडला, खीर सगळ्यांनी खाल्ली. पहिला ब्रॅकेट खाली पडला तशा आई टाळ्या वाजवायला लागल्या. मीही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
ब्रॅकेट घेणाऱ्या कंपनीच्या गेटबाहेर, स्कूटरवर बसून. अक्षर वाईट.
संगीता ट्रायलचे नग घेऊन तीनला आत गेली. सकाळी म्हणाली, "मी मोजलेत, पण एकदा तुम्ही मोजा." मोजले. तिच्या आकड्यांत खोट नाही. आता आतली माणसं मोजतायत.
सेक्युरिटीवाला विचारतो, "काका, कोण आत गेलंय?"
म्हटलं, "माझ्या वरचढ निघालेली पोरगी."
पावणेपाच. शिफ्ट सुटली, गेटमधून माणसंच माणसं. मान उंच करून बघतोय. संगीताची निळी ओढणी अजून दिसत नाही.