हिरव्या रंगाचा स्टिअरिंग बॉक्स

प्रति,
माननीय सीमाशुल्क अधिकारी,
प्रवासी सामान कक्ष, विमानतळ

विषय : जुन्या लष्करी जीपचा अडकवून ठेवलेला स्टिअरिंग बॉक्स परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपली जप्तीची पावती व माझे याआधीचे अर्ज.

महोदय,

१. मी शाळेत इतिहास शिकवतो. सुट्टीत पत्नीसह परदेशी जुन्या लष्करी गाड्यांच्या प्रदर्शनास गेलो असता वरील वस्तू विकत घेतली आणि पत्नीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून विमानाने आणली. आपल्या तपासनीसांनी "हे काय?" असे विचारले. कोणीही शहाणा माणूस "गाडीचा पार्ट" म्हणून मोकळा झाला असता. मी मात्र हिरव्या रंगावरचा पांढरा क्रमांक दाखवून म्हणालो, "साहेब, अस्सल युद्धातला आहे!" पत्नीने माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

२. त्यानंतर वस्तू स्फोटक नसल्याचा दाखला मागण्यात आला. स्फोटक विभागाने सांगितले की, ते फक्त स्फोट होणाऱ्या वस्तूंचे दाखले देतात. हेच लेखी द्यावे, अशी विनंती केली असता, तसे दिल्यास तो दाखला होईल, या कारणास्तव नकार मिळाला.

३. अखेर आपल्या कक्षातील बाईंनी तोडगा काढला. रंग व क्रमांक पुसल्यास वस्तू साधे लोखंड ठरते आणि शुल्क भरून सोडवता येते. यावर मी 'मूळ रंग पुसणे म्हणजे इतिहास पुसणे' या विषयावर बराच वेळ बोललो. रांग खोळंबली, बाईंचा डबा तसाच राहिला. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मात्र मूळ रंगाला हात लावणाऱ्याशी आमच्या छंदातली माणसे बोलणे टाकतात, हेही खरे आहे.

४. आता मुख्य मुद्दा. जीप माझी नसून वडिलांची आहे. उमेदीत ते सैन्यात असलीच जीप चालवत. तिचा जुना स्टिअरिंग बॉक्स निकामी झाल्याने सध्या स्टिअरिंग कसेही फिरवले तरी ती सरळच जाते. गेल्या खेपेस शेजारच्या वहिनींची कपड्यांची दोरी घेऊनच थांबली. वडिलांची नजर झपाट्याने जात असून लवकरच उजेड-अंधार एवढेच कळेल, असे डॉक्टर म्हणतात. शाळेच्या मैदानावर एक फेरी स्वतः मारायची, एवढीच त्यांची इच्छा आहे. काल त्यांना क्रमांकाचे महत्त्व समजावून सांगितले. ते म्हणाले, "अरे, तो नंबर बॉनेटखाली जाणार. कोण बघतंय? मला रस्ता दिसतोय तोवर काय ते कर." मला फार लाज वाटली.

५. तरी रंग व क्रमांक पुसण्यास माझी हरकत नाही. पुसताना मला कक्षाबाहेर उभे राहू द्यावे, ही विनंती.

आपला नम्र व यापुढे वाद न घालणारा,
(सही)
इतिहासाचे मास्तर
दिनांक : आजचाच

सोबत :
१. जप्तीच्या पावतीची प्रत
२. वडिलांच्या नेत्रतपासणीचा कागद
३. थिनरची बाटली व मऊ फडके