पान एक्याऐंशीवरचा परिच्छेद

९ जानेवारी

चि. खोडरबर हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेची प्रुफं पाठवली आहेत. शहाण्णव पानं आहेत, मोजून घे. विद्यापीठ जुनं आणि मानाचं आहे, आणि आपला स्वल्पविरामसुद्धा मानाचा आहे अशी तिथल्या कचेरीची समजूत आहे. बावीस वर्षं हे काम माझ्या छापखान्याकडे आहे, ते काही माझ्या रूपाकडे बघून नाही. एवढ्या वर्षांत पुस्तिकेत चूक गेलेली नाही, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं तुझ्या डोळ्यांमुळे गेलेली नाही. हे मी ताईसमोर बोलणार नाही, कारण मग ती तुला मजुरी मागायला लावील.

काम नेहमीचंच. गेल्या वर्षी जुळवून ठेवलेल्या पानांचे फर्मे बाहेर काढले आणि कचेरीने पाठवलेल्या दुरुस्त्यांच्या यादीप्रमाणे शिशाचे खिळे बदलले. यादीत यंदा सतरा बाबी आहेत. माझा जुळारी गुडघा धरून घरी बसलाय, म्हणून सगळं मीच जुळवलं. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. तेव्हा यादी समोर ठेव, एकेक बाब पानाशी ताडून बघ, झालेल्या बाबीपुढे पेन्सिलीने खूण कर आणि राहिली असेल तिथे तांबडी रेघ ओढ.

पदवीच्या अभ्यासक्रमांची पानं यंदा जरा मन लावून वाच. आजवर दुसऱ्यांसाठी वाचलीस, यंदा अर्ज तुला करायचाय. शुल्काचं पान मात्र बसून वाच.

कळावे. प्रूफात असतो तितका लोभ छापून झाल्यावरही राहू दे.

तुझा,
मामा

२० जानेवारी

ती. मामा यांस सा. न. वि. वि.

प्रुफं परत पाठवते आहे. एकतीस चुका निघाल्या, पैकी नऊ तुमच्या चष्म्याच्या आणि बावीस घाईच्या. यादीतल्या सतराही बाबींपुढे खूण केली आहे.

अर्ज संख्याशास्त्राला करणार. चोवीस जागा आहेत. भूगर्भशास्त्राचाही विचार केला होता, पण तिथे विद्यार्थ्यांनी बूट स्वतःचे आणावेत असं सात वर्षं वाचतेय आणि आमच्याकडे दोघींत मिळून एकच धड जोडी आहे. शुल्काचं पान सांगितल्याप्रमाणे बसून वाचलं. एका वर्षाचं शुल्क म्हणजे आईचा चौदा महिन्यांचा पगार होतो. वर्षात बारा महिने असतात, ही विद्यापीठाची अडचण नाही, आपली आहे.

मदतीची पानं मला पाठच आहेत. खलाशांच्या अनाथ मुलांसाठी एक निधी आहे, व्हायोलिन वाजवणाऱ्या डावखुऱ्यांसाठीही एक आहे. आणि पान एक्याऐंशीवर त्या लाँड्रीवाल्या बाईंचा. ज्याची आई किंवा वडील लाँड्रीत कामाला आहेत अशा एका विद्यार्थ्याचं तीन वर्षांचं शुल्क, राहणं आणि जेवण त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. मी बारा वर्षांची असताना तो परिच्छेद पहिल्यांदा वाचला. आईला हाक मारून सांगणार होते, पण ती हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग उपसून आली होती आणि खुर्चीतच झोपली होती. मग सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून मी आपलं धरूनच चालले आहे की आपण तिथे शिकणार. अर्ज त्याच निधीसाठी करेन.

गुडघेदुखीवाल्या काकांना बरं वाटू दे. तुम्ही चष्मा बदला.

माया आहे ती तशीच ठेवावी, एवढंच मागणं.

तुमची भाची

२ एप्रिल

चि. ठोकळ्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पोरीला जागा मिळाली. चोवीसांत ती तिसरी. मुलाखतीला तीन प्राध्यापक होते, त्यांतल्या एकाने तिला विचारलं म्हणे की हाच विषय का. ही म्हणाली, मोजता येतं त्याच्यावरच माझा विश्वास बसतो. ते हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१ जुलैच्या आत शुल्क भरायचं, नाहीतर मदत मंजूर झाल्याचं पत्र दाखवायचं. दोन्ही नसेल तर जागा यादीतल्या पुढच्याला. ती म्हणते काळजी करू नकोस, कुठलासा निधी लाँड्रीवाल्यांच्या पोरांसाठीच आहे. तू तर ओळखतोस तिला. शाळेत आई काय करते विचारलं की हॉस्पिटलमध्ये असते एवढंच सांगायची, पुढचं गिळायची. आता त्याच पोरीने मला सुपरवायझरकडून शिक्क्यासह दाखला आणायला लावला, की मी इथे एकोणीस वर्षं चादरी धुते. सुपरवायझर म्हणाला, असला दाखला मागणारी तूच पहिली.

पण काहीतरी बिनसलंय. रोज टपालवाल्याची वाट बघते आणि पत्र आलं की हातात घेत नाही. जेवण नावाला. तुझी त्या कचेरीत ऊठबस आहे, जमलं तर हळूच विचारून बघशील का? वशिला लाव म्हणत नाही, नुसतं विचार.

तब्येतीला जप. आहेस त्याहून चौकोनी होऊ नकोस.

तुझी,
ताई

६ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देतोय, कारण विचारायला मी जायच्या आधी कचेरीनेच मला बोलावून घेतलं.

लाँड्रीवाल्या बाईंच्या निधीचा परिच्छेद यंदा पुस्तिकेतून काढायचा होता. दुरुस्त्यांच्या यादीत तशी बाब होती, चौदावी. तो तसाच छापला गेला. काढायला सांगितलं म्हणजे निधी बंदच झाला असणार. त्यावर एकच अर्ज आला, आपल्या पोरीचा. अर्जदार माझी भाची आहे हे मी हेडक्लार्कला स्वतःच सांगितलं, त्याने शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

चूक माझी आहे. नजरेतून सुटलं, असं मी लेखी दिलंय. पुस्तिकेचं काम पुढच्या वर्षापासून दुसऱ्या छापखान्याला जाईल. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, पावतीपुस्तकं, बँकेचे फॉर्म, हे आहेच. जुळाऱ्याला मात्र आता अर्धा दिवसच काम देता येईल, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

अर्जाचं काय करायचं ते जूनमध्ये त्यांची समिती ठरवणार आहे. एकदा छापलं म्हणजे दिलेला शब्द, असं काहीजण म्हणतात. तोवर थांबणं एवढंच आपल्या हातात आहे. पोरीला यातलं जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांग.

आशीर्वाद असावेत. आज ते जरा जास्तच लागतील.

तुझा,
ठोकळ्या

१४ मे

ती. मामा यांस सा. न. वि. वि.

आईने तुमचं पत्र वाचायला दिलं.

नजरेतून सुटलेलं नव्हतं. म्हणजे माझ्या तरी नव्हतं. यादीत चौदावी बाब वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पानाचा आकडा चुकला असेल. मग पान उघडलं. तुम्ही परिच्छेद काढायला विसरला होतात आणि तो तिथे होता तसा होता. मी तांबडी पेन्सिल उचलली, खाली ठेवली, आणि साध्या पेन्सिलीने झाल्याची खूण केली. त्याला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. बाकीच्या सोळा बाबी मी त्यानंतर इतक्या काळजीने तपासल्या की माझीच मला लाज वाटली.

तुमच्यावर ठपका येईल हे डोक्यातच आलं नाही असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं.

शिवाय निधी बंद असेल तर माझं शुल्क दुसऱ्या कुणाच्या मदतीतून निघणार. ते कोण असेल याचा विचार करते तेव्हा झोप लागत नाही. मी कचेरीला सगळं खरं लिहिते आहे. शुक्रवारी पत्र टाकेन. जागा गेली तर जाईल. आईच्या सुपरवायझरला माणसं हवीच आहेत.

माफ करा असं म्हणायचा अधिकार मला नाही, तरी म्हणते.

तुमची भाची

१९ मे

चि. खोडरबर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस. कारण सांगतो, आणि ते मी कचेरीला सांगितलेलं नाही.

छापायच्या आधी शेवटचं प्रूफ मी स्वतः यादीशी ताडतो. बावीस वर्षांत एकदाही त्याला फाटा दिलेला नाही, यंदाही दिला नाही. चौदाव्या बाबीपुढे तुझी खूण होती आणि पानावर परिच्छेद होता. सोळा खुणा तू एका झटक्यात केल्या होत्यास, या एकीने कागद दाबला गेला होता. मग तुझं जानेवारीचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

खिळे उपसायचा चिमटा हातात घेतला होता. सात ओळींचं काम, दहा मिनिटंही लागली नसती. मी चिडलो नव्हतो असं समजू नकोस. माझ्या हाताखाली तयार झालेल्या पोरीने मला फसवावं, हे फार झोंबलं. तरीही चिमटा ठेवून दिला आणि फर्मा यंत्रावर चढवला. तेव्हा तू खूण केलीस, पण छापलं मी. तुझं वय अठरा आणि माझं चोपन्न, यात कोणाला जास्त कळायला हवं होतं ते तू संख्याशास्त्राशिवायही सांगू शकशील.

आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो. ठाम नाही म्हणालो असतो, आणि जन्मभर स्वतःला शहाणा समजलो असतो.

लोभ होता तितकाच आहे. प्रुफं मात्र आता नाहीत.

मामा

२७ जून

चि. ठोकळ्यास ताईचे आशीर्वाद.

पोरीने आपलं पत्र तुझं पोचायच्या आधीच टाकलं होतं. तुझं आलं तेव्हा ते वाचून ती घरभर फिरत राहिली आणि शेवटी सगळे कागद माझ्यासमोर ठेवले. मी ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना इस्त्री चालू ठेवली होती, एक उशीचा अभ्रा करपला.

तुमचं दोघांचं डोकं चालतं हे मी लोकांना आजवर कौतुकाने सांगत आले. पण तुम्हा दोघांनाही एक साधी गोष्ट सुचली नाही. काढा असं लिहिलं होतं, ते का काढा असं तुम्ही कोणाला विचारलं? मी कुलसचिवांना चार ओळी लिहिल्या. मी एकोणीस वर्षं लाँड्रीत आहे, त्या बाईंनी पैसे आमच्यासारख्यांसाठी ठेवले होते, ते बंद का केले आणि पैसे गेले कुठे, एवढंच.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. निधी बंद झालेलाच नाही. अकरा वर्षं एकही अर्ज आला नाही, म्हणून नव्या अभ्यासक्रमाला जागा करायला पुस्तिकेतून तेवढा परिच्छेद उडवायचा होता. पैसे जिथल्या तिथे आहेत. पात्र मुलाने मागितले तर द्यावेच लागतात, छापलेलं असो वा नसो. हेडक्लार्कलासुद्धा हे ठाऊक नव्हतं. पोरीला तीन वर्षांची मंजुरी दिली आहे आणि सोबत एक कडक समजपत्र. त्याखाली सही करून तिने ते परत पाठवलं.

म्हणजे तू सात ओळी काढल्या असत्यास तरी तिला हेच मिळालं असतं. तिने तांबडी रेघ ओढली असती तरीही. तुझ्या कामाबद्दल मी त्याच पत्रात विचारलं होतं. नव्या छापखान्याशी तीन वर्षांचा करार झालाय, आता काही करता येत नाही, असं लिहिलंय. हे वाचून ती तुझ्यासाठी रडली. स्वतःची जागा जायची पाळी आली तेव्हा रडली नव्हती. मलाही वाईट वाटलं, फार वाटलं. बावीस वर्षं काय असतात ते मला कळतं.

अकरा वर्षं कोणी मागितलं नाही, हे मात्र माझ्या मनातून जात नाही. मागणार कोण? आमच्याकडे तेवीस बायका आहेत, त्यांतल्या एकीच्याही घरात ती पुस्तिका गेलेली नाही. काल कामावर सगळ्यांना सांगितलं. चादरींच्या घड्या घालणारीची मुलगी दोन वर्षांनी शाळा संपवेल. तिने माझ्याकडून निधीचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि पुन्हा पुन्हा विचारलं की मी थट्टा तर करत नाही ना.

शुक्रवारी पोरीला पोचवायला येतेय. दोन दिवस तुझ्याकडे राहीन आणि दोन्ही दिवस रागावलेली असेन, तयारी ठेव. ज्या परिच्छेदासाठी तू हातचं काम घालवलंस आणि पोरीने तुझ्याशी खोटेपणा केला, तो माझ्या कामावर लिहिलेला आहे, आणि मी तो अजून वाचलेला नाही. तुम्हा दोघांपैकी कोणालाच मला दाखवावासा वाटला नाही. एक प्रत असेल तर काढून ठेव. आल्यावर मला वाचून दाखव.

माया आहेच, पण आधी बोलणी खाऊन घे.

तुझी,
ताई