हात धुतलेलं पाणी

बाबा, आज मी तुमची गोष्ट कॉलेजात सांगितली, म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, चुका काढत बसू नका.

मी पोळ्या लाटते त्या कँटीनमध्ये इतिहासाच्या मॅडम पोरांना घेऊन चहाला बसल्या होत्या. म्हणे, इंग्रजांच्या काळात इथली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची आणि सगळा माळवा मालामाल झाला. मला राहवलं नाही. पिठाच्या हातांनीच गेले. म्हटलं, "सगळा कुठे, मॅडम? शेठ झाले. अफूचे गोळे वळणाऱ्याला हाताला चिकटलेली अफूसुद्धा घरी नेता यायची नाही. सुट्टी झाली की गोदामाच्या दारात परात. तिच्यात हात धुवायचे, मगच बाहेर. ते पाणी आटवून शेठ त्यातली अफू काढायचा."

एक पोरगी हसली, "काकी, कुछ भी!"

"बेटा, तू चहा पी, थंड होतोय."

मॅडमनी वही उघडली. "हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात कशाला? माझ्या बाबांचे आजोबा त्या परातीत हात धुवायचे."

मग त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. मी बोलतेय आणि मॅडम लिहून घेतायत! त्या हसणाऱ्या पोरीनेही वही काढली. तुम्ही बघायला हवं होतं.

अन्नपूर्णा भागातली आपली ती एक खोली आठवते. तुम्ही आचारी, पण लग्नाच्या पंगती नसल्या की घरची कणीकही तुम्हीच मळायचात. मळून झालं की तपेलीत हात धुताय, आणि दारातून ते पाणी ऐटीत रस्त्यावर फेकताय. "हे पाणी आपलं. शेठच्या परातीतलं नाही!" आई ओरडतेय, चिखल होतो म्हणून. एकदा माझ्या मैत्रिणीच्या फ्रॉकवर ते उडालं, आणि मी तिच्यासमोर म्हणाले, "लाज वाटते मला तुमची." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मोरीत हात धुवायला लागलात, ते शेवटपर्यंत.

आज काम आटोपलं, हात धुतले आणि तपेली उचलून पाणी कँटीनच्या दारातून फेकलं. वॉचमन ओरडला, "काकी, चालान कटेल! रस्त्यावर पाणी फेकलं की दंड आहे!"

"कटू दे भिया, पाणी आमचं आहे."

हा कागद पिठाच्या डब्याखाली राहील, पाठवणार कुठे? मॅडमना सगळं सांगितलं, बाबा. मोरीचं तेवढं नाही सांगितलं.