तुमच्या आवाजातलं एक वाक्य

बाबा, मागच्या उन्हाळ्यात मी तुमचा आवाज यंत्रात घातला. विचारायला तुम्ही नव्हता, आणि असता तर मी विचारलं असतं की नाही, कोण जाणे.

मी आता नागपुरात राहून लहान लहान फिल्मा करते. कॅमेरा हल्ली क्वचितच पिशवीतून निघतो. जे दाखवायचं ते शब्दांत लिहायचं, एआय त्याची हलती चित्रं करून देतं. मला नागभीडकडच्या एका गावाची गोष्ट करायची होती, पन्नास वर्षांनंतरची. ‘पुढच्या काळातलं गाव’ असं लिहिलं की काचेच्या इमारती आणि उडत्या गाड्या यायच्या. चिखलात धानाची रोपं रोवणाऱ्या बाया मागितल्या, तर टोकदार टोप्या घातलेल्या, दुसऱ्याच कुठल्या देशातल्या बाया आल्या. मी लिहीत गेले : लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, धानाचे बांध, तळ्याची पाळ, पाळीवर मोहाची झाडं. आठवडाभरानं गाव आपल्यासारखं दिसायला लागलं, पण त्यातली माणसं कोणाचीच वाटेनात. मग ठरवलं, निदान गोष्ट सांगणारा म्हातारा तरी तुमच्या आवाजात बोलेल.

आवाज घरातच होता. वडशाच्या नाटक कंपनीत तुम्ही प्रॉम्प्टर. ज्या नटांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी तुम्ही अख्खं नाटक कॅसेटवर बोलून ठेवायचात. राजाही तुम्हीच, सूनही तुम्हीच. त्यातल्या चार कॅसेटी आईनं जपल्या होत्या. यंत्राला तेवढ्या पुरल्या.

मी चौथीत आहे. तालमीला तुमच्या शेजारी बसले आहे, नाटकाची वही माझ्या मांडीवर आहे. तुम्ही जरा बाहेर जाता आणि नेमका नट अडतो. मी त्याला माझ्या मनचं वाक्य पुरवते, तो ते म्हणून टाकतो, सगळे हसतात. घरी जाताना सायकलवर तुम्ही म्हणालात, “वहीत नाई ते कोणाच्या तोंडी घालाचं नाई, बाई.” नंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाही. मला मात्र त्या वेळची सायकलची करकरही आठवते.

फिल्मचा पहिला तुकडा घेऊन मी सिंदेवाहीला घरी गेले. दुपार होती. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. तुमचा आवाज म्हणाला, ‘त्या साली तळं आटलं नाही.’ आईचा हात सुपात थांबला.

“हे त्याईचंच हाय,” ती म्हणाली. “पण दम नाई लागून राह्यला त्याईले.”

यंत्रानं तुमची धाप खरखर समजून पुसून टाकली होती. मी तिला ते समजावत होते, तिचं लक्ष नव्हतं.

“त्याईले विचारता येते का?”

“काय विचारायचं?”

“शेवटच्या दिवशी दवाखान्यात काईतरी म्हणून राह्यले होते. नळी होती तोंडात. मले समजलं नाई.”

“आई, हे बाबा नाहीत. मी लिहीन तेवढंच हे बोलतं.”

“मालूम हाय मले. तरी विचार.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मी लिहिलं, आणि तुम्ही बोललात : “माझा राग नाई. तू जीवाले लावून नोको घेऊ.”

आई सूप पुन्हा पुढे ओढत म्हणाली, “मले वाटे, पाणी मांगत असतील. डॉक्टरनं मनाई केली होती, म्हणून मी नाई देल्लं. इतकी वर्षं तेच वाटे.”

आता ती शेजारच्या बायांना सांगते, त्याईनं असं सांगतलं म्हणून. तिचं जेवण सुधारलं आहे. तिची चूक काढायला माझी जीभ उचलत नाही.

फिल्ममधून मी तुम्हाला काढलं. म्हाताऱ्याची बाई केली आणि स्वतः बोलले, अडखळत. नागभीडला एका शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “हे गाव कुठीशी हाय?” अजून झालं नाही, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नसावं. डोळ्यांनी पाहिलं होतं ना तिनं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतं आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी मी पुण्यात होते. सकाळीच आईचा फोन आला होता. शूटिंग आटोपून निघते, म्हटलं होतं मी. स्वयंपाकघरातल्या त्या दुपारी आई माझ्यासमोर बसली होती, बाबा, पण ‘माझा राग नाई’ हे वाक्य मी तिच्यासाठी लिहिलं नव्हतं.