पहिल्या पेशीचा आवाज

शनिवार, १६ नोव्हेंबर १९७४
जुना जालना

आज तालमीत लाउडस्पीकरवाल्या कादरभाईंनी पुन्हा आवाज बंद करायचं बटण पिळलं! उत्क्रांतीवरची माझी संगीतिका अंधारात एका लांब ‘घूं’ने सुरू होते. माझ्या भाच्याने जुन्या रेडिओच्या भागांतून बनवलेल्या यंत्राचा तो आवाज म्हणजे समुद्रातली पहिली पेशी. पण ‘घूं’ झालं की कादरभाईंचा हात बटणाकडे गेलाच. लग्नाच्या मांडवात हाच आवाज बंद करण्यात त्यांची हयात गेली.

“बाई, लोक म्हन्तील कादरचं मशीन बिघडलं. माझी इज्जत जाऊन राह्यली.”

“आणि माझी पेशी मरते, त्याचं काय?”

त्यात कार्यक्रम समितीचे अध्यक्ष शेठजी मधे पडले. “बाई, आधी पेटीवर नांदी लावा. रीतच हाय. न्हाईतर उद्या पडदा उघडनार न्हाई.”

म्हणजे पहिल्या पेशीच्याही आधी पेटीवाला? तो कुठून उपजला? कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांपुढे मी गप्प बसले नाही, शेठजींपुढे बसेन?

पण कादरभाई... त्यांचं काय चुकलं? गावासमोर त्यांच्याच मशीनची लाज निघणार.

ठरलं. उद्या पडद्यापुढे मीच उभी राहून सांगणार: “मंडळी, आता जो आवाज येईल तो बिघाड नाही. कादरभाईंच्या मशीनमधून जीवसृष्टी सुरू होते आहे.” हीच आमची नांदी. शेठजींची रीतही झाली.

आणि मग कादरभाईंच्या शेजारी, त्या बटणाजवळ खुर्ची टाकून बसणार. शाळेतली लाकडी पट्टी आत्ताच पिशवीत टाकली आहे.